न ऐकू आलेले घड्याळ

एखादी वस्तू आढळली नाही, तर ती तेथे नाही असे आपण म्हणतो, आणि बहुधा ते खरेही असते. न आढळणे हेही ज्ञानाचे एक साधन आहे, असे जुन्या शास्त्रकारांनी मान्य केले आहे. मात्र त्यांनी एक अट घातली: वस्तू तेथे असती तर आपल्याला आढळलीच असती, अशी आपली स्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत मडके दिसले नाही, एवढ्यावरून मडके नाही असे म्हणता येत नाही. अट लहान आहे आणि माणसे ती विसरतात. परक्याच्या बाबतीत विसरले तर फारसे बिघडत नाही. पाठच्या भावाच्या बाबतीत विसरले तर घर दुभंगते. ज्या दोन भावांची ही हकीकत आहे, त्यांचे घर दुभंगायला एका दिवसाचे अंतर उरले होते, आणि तो दिवसही समुद्राने दिलेला होता.

दोघे भाऊ घड्याळे दुरुस्त करीत. दुकान वडिलांचे, अरुंद आणि खोल. रस्त्याच्या बाजूला मोठी खिडकी, खिडकीशी कामाचे टेबल, आणि तिन्ही भिंतींवर घड्याळे. मध्यभागी वडिलांचे लोलकाचे घड्याळ होते. त्याला दोघे भाऊ ‘म्हातारा’ म्हणत. भिंत एका अंगाला किंचित खचली असल्यामुळे म्हाताऱ्याची चाल लंगडी होती: एक ठोका लवकर, दुसरा रेंगाळून. वेळ मात्र तो अचूक दाखवी. दुकानाच्या मागच्या टोकाला एक कोठडी होती, माणूस जेमतेम बसेल एवढी, आतून जाड लोकर ठोकलेली. चाळीस घड्याळांच्या गलबल्यात एका मनगटी घड्याळाची धडधड तपासायची असेल, तर ते घेऊन कोठडीत बसायचे, दार ओढून घ्यायचे आणि कानाला लावायचे. वडिलांचा नियम एकच होता: कोठडीत शब्द उच्चारायचा नाही. थोरल्यांनी तो नियम आयुष्यभर पाळला. त्यांच्या कानाची ख्याती गावभर होती. दारातून आत येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या खिशातले घड्याळ मागे पडते आहे, हे ते मान वर न करता सांगत.

समुद्रप्रवासाची हौस थोरल्यांच्या पत्नीची. धाकट्याच्या त्या वहिनी, आणि गल्लीतली सगळी माणसेही त्यांना वहिनीच म्हणत. धाकट्याने आणि त्याच्या बायकोने नऊ दिवसांच्या सफरीची दोन तिकिटे आणून त्यांच्या हातात ठेवली, तेव्हा वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले. थोरल्यांच्या मनात मात्र प्रश्न आला. दुकानाच्या जागेचा करार नेमका त्याच नऊ दिवसांत संपत होता. जागेचे मालक दोन वर्षांपासून म्हणत होते, “रक्कम घ्या आणि जागा मोकळी करा.” धाकटा एकदा जेवताना बोलून गेला होता, “दादा, नुसता विचार करायला काय जातं?” ते वाक्य थोरल्यांच्या मनात लोलकासारखे मागेपुढे होत राहिले होते. तरीही जाण्यापूर्वी त्यांनी वकिलांकडे जाऊन, आपल्या अनुपस्थितीत धाकट्याने दुकानाच्या कागदांवर सही करावी, असा अधिकार लिहून दिला. न देण्याचे सांगण्याजोगे कारण त्यांच्याकडे नव्हते.

फोनची व्यवस्था पुतणीने केली. ती धाकट्याची मुलगी, फोनच्याच दुकानात नोकरीला.

“मोठे काका, नीट ऐका. किनारा सुटला की आपलं नेटवर्क संपतं आणि जहाजाचा स्वतःचा मनोरा सुरू होतो. तो थेट उपग्रहाशी बोलतो. तुमचा फोन बावळट आहे, दिसेल त्या मनोऱ्याचा हात धरतो. आणि त्याचा हात धरला की मिनिटामिनिटाला खिसा फाटतो.”

“मी उचललाच नाही तर?”

“तरी फाटतो. म्हणून विमान मोड. हे बघा, हे विमानाचं चित्र.”

“जहाजात बसून विमान?”

“पाण्यावर असाल तेव्हा विमान, जमिनीला लागलात की माणूस. एवढंच लक्षात ठेवा.”

वहिनी हसल्या; मात्र पुतणी हसल्यावर, क्षणभर उशिरा.

“जहाजावर इंटरनेट विकतात,” पुतणी पुढे म्हणाली, “ते घ्यायचं नाही. तेवढ्या पैशांत दुसरा फोन येईल. प्रत्येक बंदरावर प्रवाशांच्या हॉलमध्ये अर्धा तास फुकट वाय-फाय असतं. तिथे बसायचं. बाबा रोज एक आवाजी निरोप पाठवतील, ते साठून राहतील आणि तिथे टपाटप पडतील. मग समुद्रात आरामात ऐका, फुकट. तुमचा निरोपही समुद्रातच बोलून ठेवा. पुढच्या बंदरावर वाय-फाय लागलं की आपोआप जाईल.”

“म्हणजे टपालपेटी.”

“अगदी तशीच.”

अडचण एकच होती. चाळीस वर्षे तेल आणि घासकागद हाताळून थोरल्यांच्या बोटांची टोके इतकी गुळगुळीत झाली होती, की फोनची काच त्यांना ओळखतच नसे. पुतणीने त्यांना बोटाच्या पेराने माइकचे चिन्ह दाबून धरायला शिकवले. बाकी सगळे वहिनींच्या बोटाने करायचे ठरले. दोघांत फोन एकच होता.

बंदराच्या हॉलमध्ये सामान तपासणीला जाण्यापूर्वी धाकट्याचा पहिला निरोप आला. “दादा, वहिनी, सुखरूप जा. दुकानातूनच बोलतोय. काळजी करू नका.” त्या शब्दांमागे चाळीस घड्याळे बोलत होती, आणि सगळ्यांच्या वर म्हातारा, लंगडत, रेंगाळत. थोरल्यांना मायेने भरून आले. “ऐकलंस? म्हातारा!” ते म्हणाले. वहिनींनी मान हलवली.

ते सामानाच्या रांगेत गेले. परत आले तेव्हा वहिनी फोन बाकावर ठेवीत होत्या.

“कुणाचा होता?”

“भावजींना मीच लावला. दोन शब्द बोलले.”

“काय?”

“काही नाही हो. घरचंच.”

त्या उत्तरात काहीतरी टाळल्यासारखे होते. बायकोच्या चेहऱ्यावर ते थोरल्यांना स्पष्ट दिसले. त्यांनी पुढे विचारले नाही. परंतु न विचारलेला प्रश्न सामानात बांधून घेऊनच ते जहाजावर चढले.

दुसरे बंदर तिसऱ्या दिवशी आले. हॉलमध्ये वहिनींनी विमानाचे चित्र मिटवले आणि दोन निरोप पडले. थोरल्यांनी फोन कानाला लावला.

“दादा, दुकानातून बोलतोय. सगळं ठीक आहे. आज शाळेचं मोठं घड्याळ दुरुस्तीला आलं.”

त्यांनी निरोप पुन्हा लावला. मग तिसऱ्यांदा. शब्द सगळे होते, घड्याळ एकही नव्हते. म्हातारा नव्हता. मागे पोकळीसुद्धा नव्हती. आवाज उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा बोदा होता. दुसरा निरोपही तसाच.

दुकानात उभा राहून कोणी बोलेल आणि म्हातारा ऐकू येणार नाही, हे शक्य नव्हते. म्हणजे धाकटा दुकानात नव्हता. किंवा दुकानात होता, पण घड्याळे नव्हती. यांपैकी कोणती गोष्ट अधिक वाईट, हे थोरल्यांना ठरवता येईना. त्यांनी पेराने माइक दाबून निरोप ठेवला: “कुठून बोलतोस? म्हातारा चालू आहे ना?” अर्धा तास संपण्यापूर्वी उत्तर आले नाही.

जेवणाच्या टेबलावर त्यांच्या समोर एक निवृत्त गृहस्थ बसत. आयुष्यभर विमा कंपनीसाठी खोटे दावे शोधून काढण्याचे काम केलेले. आपण त्यांना तपासनीस म्हणू. आगीत जळालेल्या गोदामात माल मुळात होता का, हे राखेवरून सांगितल्याच्या कथा ते सूप पिता पिता सांगत. थोरल्यांनी एक दिवस दम धरला आणि मग, “समजा एखाद्याचा भाऊ…” अशी सुरुवात केली.

तपासनिसांनी चमचा खाली ठेवला. “तिकिटं कोणी काढली?”

“भावानं.”

“तारखा कोणी ठरवल्या?”

“त्यानंच.”

“फोन बंद ठेवा, असं कोणी सांगितलं?”

“त्याच्या मुलीनं. पण ते महाग पडतं म्हणून.”

“महाग पडतंच. म्हणून तर ते कारण उत्तम.” त्यांनी पाव मोडला. “घड्याळवाले, खोटं बोलणारा माणूस नेहमी खऱ्याच कारणाच्या आड उभा राहतो.”

वहिनी शेजारीच बसल्या होत्या, पण खिडकीबाहेर पाहत होत्या. त्यांचे या संभाषणाकडे लक्ष नव्हते, असे थोरल्यांना वाटले. लक्ष नसल्याचे दाखवीत होत्या, असेही वाटले.

संशयाचा एक गुण असा, की तो आपला आहार स्वतः शोधतो. वहिनी धाकट्याचे निरोप पुन्हा पुन्हा ऐकत, फोन कानाशी घट्ट धरून, आणि हसत. या हसण्याचा अर्थ काय? सफरीचा आग्रह तिचाच नव्हता का? बंदरावर तिने काय सांगितले? दुकान सोडले तर उरलेले आयुष्य निवांत जाईल, हे ती जावेला म्हणाली नव्हती का? ती तसे कधी म्हणाली होती, हे थोरल्यांना आठवेना; पण म्हणाली असेल, एवढे पुरे होते.

सहाव्या दिवशी तिसरे बंदर लागले. तीन निरोप पडले. पहिल्यात धाकटा म्हणाला, “कुठून म्हणजे? दुकानातून, दादा. म्हातारा चालू आहे, एका मिनिटाचाही फरक नाही.” आणि त्या वाक्यामागे म्हातारा नव्हता. दुसऱ्यात म्हणाला, “जास्त बोलत नाही, इथे फार कोंदतंय.” आणि शेवटी काहीतरी बंद झाल्याचा ठप्प आवाज. तिसऱ्यात तो खोकला आणि घाईने म्हणाला, “वहिनींना म्हणावं, सांगितल्याप्रमाणे चाललंय.”

थोरले बाकावर तसेच बसून राहिले. इतकी मोठी खिडकी असलेल्या दुकानात कोंदते कुठे? आणि ‘सांगितल्याप्रमाणे’ म्हणजे कोणी सांगितल्याप्रमाणे?

शेजारी येऊन बसलेल्या तपासनिसांनी निरोप ऐकण्याची परवानगी मागितली. डोळे मिटून ऐकला. “गाडी,” ते म्हणाले. “काचा वर केलेली बंद गाडी. ठप्प आवाज दाराचा. माणूस कोणाच्या तरी दाराशी गाडी उभी करून बोलतोय आणि उतरतोय. जागेचा मालक असेल. तुम्ही काही लिहून दिलंय का त्याला?”

“दिलंय.”

“मग पुढचं बंदर कोणतं?”

“शेवटचंच. तीन दिवसांनी, सकाळी. जिथून निघालो तेच.”

“तोवर सही झाली नसेल, तर नशीब म्हणायचं.”

हे बोलणे होईपर्यंत हॉलमधला फुकट अर्धा तास संपला होता. जहाज सुटले, आणि आता अडीच दिवस फक्त पाणी होते. थोरल्यांनी जहाजाच्या कार्यालयासमोर दोन फेऱ्या मारल्या. तेथे इंटरनेटच्या दरांचा फलक होता. त्यांनी तो वाचला, आणि आयुष्यात प्रथमच आपल्या काटकसरीचा त्यांना राग आला. तरी पाय आत वळला नाही. नवव्या दिवशी सकाळी विमान मिटवताच बंदराच्या ओळखीच्या वाय-फायवर फोन आपोआप जागा होणारच होता.

सातव्या दिवशी दुपारी वहिनी वरच्या डेकवर गेल्या असताना त्यांनी केबिनचे दार लावले, पेराने चारपाचदा टोकून वकिलांचे नाव उघडले आणि पेराने माइक दाबून धरला.

“वकीलसाहेब, माझ्या भावाला दिलेला सहीचा अधिकार मी आजपासून रद्द करतो आहे. त्यानं केलेला कोणताही व्यवहार मला मान्य नाही. दुकानाला कुलूप लावा. त्याच्याकडची किल्ली काढून घ्या. भाऊ म्हणून मी हे बोलत नाही.”

पेर उचलले. निरोपाच्या कोपऱ्यात एक बारीकसे घड्याळ उमटले: वर्तुळ आणि आत दोन काटे. तो निरोप अजून गेलेला नाही, बंदराची वाट पाहतो आहे, याची ती खूण होती. थोरल्यांनी आयुष्यात हजारो घड्याळे उघडली असतील; इतके लहान घड्याळ त्यांनी पाहिले नव्हते, आणि कोणत्याही घड्याळाकडे पाहताना त्यांना अशी भीती वाटली नव्हती. तरी त्यांनी फोन उशीखाली ठेवला आणि आपण न्यायाने वागलो, असे स्वतःला सांगितले. स्वतःला ते दोनदा सांगावे लागले.

आठव्या दिवशी सकाळी वहिनी सामान भरायला बसल्या. कपड्यांच्या घड्या घालता घालता त्यांनी धाकट्याचा शेवटचा निरोप पुन्हा कानाशी लावला.

“किती स्वच्छ बोलतात भावजी,” त्या समाधानाने म्हणाल्या.

थोरल्यांचा बांध फुटला. ते त्यांच्या समोर जाऊन उभे राहिले. “स्वच्छ? मागे काही ऐकू येतंय का तुला?”

“मागे काही नाही, म्हणून तर बोललेलं कळतंय.”

“अगं, पण म्हातारा कुठे आहे? चाळीस घड्याळं कुठे आहेत? तो दुकानात नाही!”

वहिनींनी हातातला सदरा मांडीवर ठेवला. “दुकानातच आहेत. कोठडीत बसून बोलतात बिचारे.”

“कोणत्या कोठडीत?”

“आपल्या ऐकायच्या कोठडीत. दुसरी कोणती आहे? मीच सांगितलं, त्या दिवशी बंदरावरून. पहिल्या निरोपात नुसती टकटक, भावजींचा एक शब्द कळला नाही मला. म्हटलं, रोज तेवढं आत बसून बोला. आणि दादांना सांगू नका म्हटलं.”

थोरल्यांना कोठडी आठवली: लोकर, अंधार, कानाशी धरलेले घड्याळ. आयुष्यातले कितीतरी तास त्यांनी तेथे काढले होते. पण शब्द उच्चारायचा नाही, हा वडिलांचा नियम होता, आणि त्यांच्या देखत तो कोणीच मोडला नव्हता. त्या लोकरीत घड्याळाचा ठोका कसा वाजतो, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. माणसाचा आवाज कसा येतो, हे मात्र त्यांनी कधी ऐकलेच नव्हते. कोंदतंय. अर्थातच कोंदणार. ठप्प, कोठडीचे दार.

“सांगू नका का?” त्यांनी विचारले.

वहिनी खाली पाहू लागल्या. “मला कमी ऐकू येतं हो. दोन वर्षं झाली.”

“दोन वर्षं?”

“सुरुवातीला घरातल्या घड्याळाचे टोले ऐकू येईनात. मला वाटलं, तुम्ही रागावून टोले बंद करून ठेवलेत. महिनाभर मनात धरून बसले होते. मग एक दिवस तुम्ही म्हणालात, ‘चार वाजले’, आणि घड्याळाकडे बघितलंही नव्हतंत. तेव्हा कळलं, टोले चालू आहेत, बंद मी झालेय.” त्या किंचित हसल्या. “गावात तुमच्या कानाचं कौतुक. म्हटलं, कशाला सांगा.”

त्याच क्षणी थोरल्यांना फोनमधल्या त्या बारीक घड्याळाची आठवण झाली.

वहिनी पुन्हा घड्यांकडे वळल्या, पाठ करून. थोरल्यांनी त्यांच्या शेजारचा फोन हळूच उचलला, वकिलांचे नाव शोधले. निरोप तेथेच होता, कोपऱ्यात काटे घेऊन. पेटीत टाकलेले पत्र काढून कसे घ्यायचे, हे पुतणीने शिकवले नव्हते. त्यांनी बोट दाबले. काचेने ओळखले नाही. पेर दाबले, जाड पेर भलत्याच ठिकाणी टेकले, आणि केबिनभर त्यांचाच आवाज घुमू लागला:

“वकीलसाहेब, माझ्या भावाला दिलेला सहीचा अधिकार मी आजपासून…”

त्यांनी फोन छातीशी दाबला. आवाज बंद होईना. “…किल्ली काढून घ्या. भाऊ म्हणून मी हे बोलत नाही.” चार हातांवर वहिनी बसल्या होत्या. त्या सदऱ्याची बाही सरळ करीत होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

निरोप संपला. केबिनमध्ये यंत्राची घरघर तेवढी उरली. आपल्या बायकोला काय काय ऐकू येत नाही आणि केव्हापासून, हे थोरल्यांना त्या न वळलेल्या मानेने सांगितले. ते जवळ गेले, तिच्या समोर जमिनीवर बसले, तोंड तिच्या कानाशी नेले आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाले,

“मी एक पाप केलंय. तुझ्या बोटाशिवाय ते पुसता येणार नाही.”

“हळू बोला, शेजारी ऐकतील.”

“ऐकू देत. तुला ऐकू आलं पाहिजे.”

मग त्यांनी सगळे सांगितले. धाकट्यावरचा संशय, तिच्यावरचा संशय, वकिलांना बोलून ठेवलेला निरोप. अवघड जागी ते थांबत, वहिनी म्हणत, “काय म्हणालात?” आणि तेच वाक्य त्यांना पुन्हा, अधिक मोठ्याने म्हणावे लागे. प्रायश्चित्ताची याहून कठोर रीत कोणी लिहून ठेवली असेल, असे वाटत नाही.

सांगून झाल्यावर वहिनींनी मांडीवरचा सदरा बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, “भावजी त्या कोठडीत घामाघूम होऊन माझ्यासाठी बोलतायत, आणि तुम्ही त्यांना कुलूप लावायला निघालात.”

“हो.”

“आणि माझ्यावरही संशय?”

“हो.”

“बरं झालं, खरं बोललात. मीही महिनाभर तुमच्यावर घेतला होता. फिटलं.” त्यांनी हात पुढे केला. “आणा इकडे. कुठे दाबायचं?”

दोघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. वहिनींनी निरोपावर बोट टेकवले आणि धरून ठेवले. वर एक कचरापेटीचे चित्र आले. त्यांनी ते दाबले. फोनने विचारले, नक्की काढू का? वहिनींनी नवऱ्याकडे पाहिले. थोरल्यांनी मान हलवली. ते चिमुकले घड्याळ काट्यांसकट नाहीसे झाले. खात्रीसाठी वहिनींनी आणखी दोनदा उघडून पाहिले.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला तपासनीस म्हणाले, “आमच्या केबिनची भिंत पातळ आहे. प्रकरण बंद?”

“बंद.”

“माल गोदामात होता तर.”

“पहिल्यापासून होता. मीच चुकीच्या दारात उभा होतो.”

तपासनिसांनी पावाला लोणी लावले. “आयुष्यभर दावे नाकारले मी,” ते चाकूकडे पाहत म्हणाले. “त्यातले काही…”

जहाज बंदराला लागले. हॉलमध्ये, त्याच बाकावर बसून वहिनींनी विमान मिटवले. फोन ओळखीच्या वाय-फायला चिकटला आणि निरोप पडले. त्यांतल्या एकात धाकटा बोद्या आवाजात म्हणत होता, “दादा, मालक कागद घेऊन आले होते. म्हटलं, अधिकार आहे माझ्याकडे, पण दादा आल्याशिवाय मी पेन उचलणार नाही. चिडून गेले. तुम्ही आलात की बसू.”

थोरल्यांनी तो निरोप वहिनींच्या कानाशी धरला. मग फोन स्वतःकडे घेतला आणि पेराने माइक दाबला.

“पोहोचलो. तू कोठडीत बसून बोलतोस ते फार चांगलं करतोस. तिला सगळं कळतं. यापुढेही तसंच बोलत जा. फक्त बोलून झालं की माझ्यासाठी क्षणभर दार उघडत जा.”

उत्तर लगेच आले. आधी धाकट्याचे हसू. “वहिनींनी फोडलं वाटतं! मला शपथ घातली होती, आणि स्वतःच… बरं दादा, ऐका.” कुरकुरत दार उघडल्याचा आवाज झाला, आणि मग चाळीस घड्याळांच्या गलबल्यातून म्हातारा आला: एक ठोका लवकर, दुसरा रेंगाळून.

थोरल्यांनी डोळे मिटले.

“आला का म्हातारा?” वहिनींनी विचारले.

“तुला ऐकू आला?”

“नाही. तुमचं तोंड बघून कळलं.”

धाकट्याला तो पुसलेला निरोप कधी सांगितला गेला की नाही, हे आम्हांला ठाऊक नाही. ते त्या तिघांच्या घरचे आहे. एवढे ठाऊक आहे, की त्याच आठवड्यात थोरले बायकोला घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे गेले, आणि जागेच्या नव्या करारावर दोन भावांच्या सह्या एकाच टेबलावर, एकाच पेनाने झाल्या. जो कोठडीत घुसमटून दुसऱ्यासाठी बोलला, जिने न ऐकताही ओळखले, आणि ज्याने वेळ हातात असतानाच आपला शब्द परत घेतला, त्या तिघांचे कल्याण असो. त्यांच्या भिंतीवरचा म्हातारा असाच लंगडत, असाच वेळेवर चालत राहो.